कॉलेजच्या आवारातलं बालकेंद्र: लेक्चरप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांचा दिवस कसा बसवावा?

टपटप

नमस्कार. विद्यार्थी-पालक, प्राध्यापक आणि इतर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेजच्या आवारात चालणाऱ्या बालकेंद्राबद्दल सल्ला हवा आहे. दोन खोल्या आहेत. धाकट्या खोलीत दीड ते तीन वर्षांची १४ मुलं, थोरल्या खोलीत तीन ते पाच वर्षांची १८. धाकट्यांकडे तीन ताई, थोरल्यांकडे दोन. काही ताई अर्धवेळ आहेत. शिवाय बालविकास विषयाचे विद्यार्थी निरीक्षणासाठी आणि प्रॅक्टिकलसाठी येतात.

अडचण वेळापत्रकाची आहे. पालक लेक्चरच्या तासाप्रमाणे मूल सोडतात आणि नेतात. कुणी सोमवार-बुधवार-शुक्रवार, कुणी फक्त गुरुवारी दुपारी. दर तासाला दार उघडतं, एक मूल रडत आत येतं, दुसरं खेळ अर्धा टाकून जातं. गोष्ट सुरू झाली की मोडते. सेमिस्टर बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. नवीन मुलं रुळायला फार वेळ घेतात, आणि रुळलेलीही सुट्टीनंतर परत रडतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दिवसाची घडी कशी बसवावी? नवीन मूल रुळवण्याची नेमकी पद्धत काय? आणि प्रॅक्टिकलच्या विद्यार्थ्यांना किती आणि कशात सामील करावं? मोघम नको, प्रत्यक्ष करता येईल असं सांगा.

---

रानजाई

सगळ्यात आधी, तासावर जागा देणं बंद करा. कॉलेजच्या बालकेंद्राचं गाडं बहुतेक इथेच अडतं. पालकांची सोय बघायलाच हवी, पण ती मुलाच्या दिवसात बसवून. सत्रं ठरवा: सकाळचं, दुपारचं आणि पूर्ण दिवस. प्रत्येक सत्राला येण्याची अर्ध्या-पाऊण तासाची खिडकी ठेवा, जाण्याचीही तशीच. समजा सकाळचं सत्र सव्वाआठ ते साडेबारा आहे, तर सव्वाआठ ते नऊ यायचं आणि बारा ते साडेबारा न्यायचं. आईचं लेक्चर अकराला असलं तरी मूल नऊच्या आत येतं. मधले दोन तास पालकाला लायब्ररीत बसायला मिळतात, हे प्रवेशाच्या वेळीच नीट समजावून सांगितलं की विरोध फारसा होत नाही.

दुसरं, आठवड्यातून एकच दिवस असा प्रवेश देऊ नका. किमान तीन दिवस, किंवा लागोपाठचे दोन. दीड वर्षाच्या मुलाला 'पुढच्या गुरुवारी' कळत नाही. सहा दिवसांच्या खंडानंतर ते जवळजवळ नव्यानेच आत येतं, आणि त्याचं रडणं बाकीच्यांनाही लागतं.

दिवसाची घडी घड्याळावर नव्हे, क्रमावर बसवा. आगमन, मोकळा खेळ, खाऊ, बाहेर, हातपाय धुणं, गोष्ट, जेवण, झोप. वेळ दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे झाली तर लहान मुलाला फरक पडत नाही, पण क्रम उलटला की गोंधळतं. मोकळा खेळ सलग पाऊण ते एक तास मिळालाच पाहिजे. मुलाला काय खेळायचं ते ठरवायलाच पहिली दहा-पंधरा मिनिटं लागतात. अर्ध्या तासात 'चला, आवरा' म्हटलं तर खेळ नुसता वरवरचा राहतो.

एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याच्या जागा मोजा. गोंधळ, ढकलाढकली आणि रडारड यातला मोठा भाग तिथेच घडतो. सकाळच्या सत्रात अशा चार-पाचच जागा असाव्यात. हात धुवायला सगळ्यांची रांग लावू नका. दोघा-तिघांना घेऊन एक ताई जाते, बाकीचे खेळत राहतात, पहिले परत आले की पुढचे. रांगेत उभं राहून वाट बघणं हे दोन वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातलं काम नाही.

आणि तासाच्या गर्दीबद्दल. लेक्चर संपून दुसरं सुरू होण्याच्या आसपासची पंधरा मिनिटं दाराशी वर्दळ असणार हे धरूनच चाला. त्या वेळी गोष्ट किंवा गाणी ठेवू नका. लेक्चर ५० मिनिटांचं असेल तर तासाला दहा कमी असताना वर्दळ सुरू होते आणि तास होऊन पाच मिनिटांनी ओसरते. गोष्ट तासानंतर दहा मिनिटांनी सुरू करा. एवढ्या एका बदलाने बरंच काही सुधारतं.

या ठरलेल्या वेळेच्या खिडकीबाहेर एखादं मूल यावंच लागलं तर दाराजवळ एक बैठं टेबल ठेवा. त्यावर मध्येच सोडलं तरी बिघडणार नाही असं काम: पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं, मळलेला गोळा, चार-सहा तुकड्यांचं कोडं. तिथे नेहमी एकच ठरलेली ताई. मूल आधी तिथे टेकतं, मग आपण होऊन आत जातं.

---

उंबरठा

घडीबद्दल रानजाईंशी पूर्ण सहमत. रुळवण्याबद्दल लिहितो.

लहान मुलांसाठी १९८० च्या दशकात बर्लिनमध्ये बसवलेली पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते, कारण तिच्यात पुढची पायरी मुलाच्या प्रतिसादावर ठरते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर खोलीत, रोज एक-दोन तास, रोज त्याच वेळी. पालकाने एका जागी शांत बसायचं. खेळवायचं नाही, 'जा ना, बघ तिकडे किती खेळणी' म्हणून ढकलायचं नाही, मूल बिलगलं तर बिलगू द्यायचं. ठरलेली ताई आधी लांबून, मग खेळण्याच्या निमित्ताने जवळ येते. या तीन दिवसांत ताटातुटीचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही.

चौथ्या दिवशी थोडा वेळ बसून झालं की पालक स्पष्ट सांगून बाहेर जातो, पण इमारतीतच थांबतो. मूल रडलं आणि ताईने घेतल्यावर शांत झालं, तर जास्तीत जास्त अर्धा तास बाहेर. ताईकडून समजूत पटतच नसेल तर दोन-तीन मिनिटांतच परत यायचं. मग पुढचे काही दिवस पुन्हा पालकासह, आणि पुढचा प्रयत्न सातव्या दिवसाच्या आधी नाही. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर प्रयत्न मंगळवारी, कारण शनिवार-रविवार घरी काढल्यावर मूल पुन्हा थोडं परकं झालेलं असतं. पहिला प्रयत्न जमला तर साधारण आठवड्यात बस्तान बसतं, नाहीतर दोन-तीन आठवडे धरा.

कॉलेजमध्ये हे बसवायचं तर रुळवणं सेमिस्टर सुरू होण्याआधी करायला हवं. दोन आठवडे आधी केंद्र उघडा आणि नवीन मुलं तीन-चारच्या तुकडीने घ्या. लेक्चर सुरू झाल्यावर पालकाकडे ना वेळ असतो ना सबुरी. पुढे आठवड्यातून तीनच दिवस येणार असलं, तरी रुळवण्याचे दिवस मात्र लागोपाठ हवेत.

निरोपाबद्दल. मुलाचं लक्ष नाही बघून सटकणं सगळ्यात वाईट. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल पालकावर नजर ठेवून बसतं आणि खेळतच नाही. निरोप छोटा आणि रोज सारखा: खुंटीला पिशवी लावली, पापा घेतला, 'जेवण झालं, झोप झाली की मी येते', ताईच्या कडेवर दिलं, गेले. 'लवकर येते' हे मुलाला काहीच सांगत नाही; 'झोप झाली की' हे कळतं. आणि सांगितलं तेव्हा यायचंच.

दोन लेक्चरच्या मध्ये 'जरा डोकावून' जाणाऱ्या पालकांना हे स्पष्ट सांगावं लागतं: प्रत्येक डोकावणं म्हणजे आणखी एक ताटातूट. अंगावर पाजणाऱ्या आयांचं मात्र वेगळं. त्यांनी यायलाच हवं, पण मुलाच्या दिवसातल्या ठरलेल्या जागी, म्हणजे झोपून उठल्यावर किंवा बाहेरून आल्यावर, आणि ठरलेल्या कोपऱ्यातल्या ठरलेल्या खुर्चीत. दोन-तीन दिवसांत मुलाला तो क्रम कळतो आणि नंतरचा निरोप सोपा जातो.

मूल रुळलं हे कशावरून ओळखायचं? दाराशी रडत नाही यावरून नव्हे. ताईकडून समजूत करून घेतं, तिच्याजवळ जेवतं, झोपतं, खेळतं, यावरून. अजिबात न रडणाऱ्या मुलाकडे जास्त लक्ष द्या. एका कोपऱ्यात उभं, हातात घरची वस्तू घट्ट, खेळत नाही, कुणाकडे जात नाही, असं मूल 'शहाणं' समजून दिवसेंदिवस मागे राहतं. घरचं दुपटं किंवा बाहुली काढून घेऊ नका, ती हाताशी राहू द्या.

सुट्टीनंतर परत रडणं स्वाभाविक आहे. पहिले दोन दिवस पालकाला पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगा, तेवढं पुरतं.

---

चिंचोका

आकड्यांवर कुणी बोललं नाही म्हणून. १४ हा आकडा धाकट्या खोलीसाठी जास्त आहे.

अमेरिकेतल्या एनएईवायसी या बालशिक्षणाच्या मान्यवर संस्थेची प्रमाणं हिशेबाला सोयीची आहेत. १२ ते २८ महिन्यांच्या मुलांना चारामागे एक मोठं माणूस, २१ ते ३६ महिन्यांना सहामागे एक, आणि दोन्हींत गट १२ च्या वर नाही. अडीच ते चार वर्षांना नवामागे एक आणि गट १८. चार वर्षांच्यांना दहामागे एक, गट २०. तुमच्याकडचे नियम यापेक्षा कडक असतील तर ते पाळा. मिश्र वयाच्या खोलीत प्रमाण सगळ्यात लहान मुलांचं धरायचं, सरासरीचं नाही.

म्हणजे तुमच्या १४ मुलांना तीन ताई कागदावरसुद्धा अपुऱ्या. थोरल्या खोलीत १८ ला दोन हे जेमतेम बसतं, पण एक ताई एका मुलाला शौचाला घेऊन गेली की उरते एक. प्रमाण मोडतं ते नेहमी याच वेळांना: डायपर बदलताना, जेवण वाढताना, ताईंच्या स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि संध्याकाळी शेवटच्या तासात. दोन खोल्यांमध्ये मिळून एक फिरती ताई हवीच. मुलं झोपली की एक ताई पुरते असं समजू नका. झोपेच्या वेळीही खोलीत डोळे उघडे ठेवून बसणारं माणूस लागतं आणि दुसरं हाकेच्या अंतरावर.

एक कागद घ्या, आडवे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, उभे आठवड्याचे दिवस. प्रत्येक चौकटीत किती मुलं आणि किती ताई हे लिहा. हजेरीपटावर २० मुलं असूनही मंगळवारी साडेदहाला खोलीत १५ आणि गुरुवारी तीनला चार, असं चित्र निघतं. प्रवेश पटावरच्या आकड्यावर न देता त्या चौकटीवर द्या. अर्धवेळ ताईंच्या वेळाही तिच्यावरूनच ठरवा.

प्रत्येक मुलाला एक मुख्य ताई आणि एक जोडीची. दोघींच्या वेळा अशा लावा की मूल येण्याच्या खिडकीत दोघींपैकी एक दारात असेलच. डायपर, जेवण, झोपवणं शक्यतो याच दोघींकडे. बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये सुरू केलेल्या शिशुगृहात हाच आग्रह होता: ठरलेली माणसं, आणि अंगाला हात लावण्याआधी मुलाला सांगणं. 'आता पाय वर घेते हं' म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग घ्यायचं. आठवड्याभरात मूल स्वतःच पाय वर करायला लागतं.

कॉलेजपुरती एक खास गोष्ट. लेक्चरला बसलेल्या पालकाचा फोन बंद असतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या फायलीत पालकाचं आठवड्याचं वेळापत्रक हवं, वर्ग क्रमांकासह, आणि दर सेमिस्टरला नवीन. शिवाय आवारात लगेच पोचू शकेल असं दुसरं एक माणूस. न्यायला कोण येऊ शकतं याची सहीनिशी यादी. यादीत नाव नसेल तर ओळखीचा असला तरी मूल द्यायचं नाही. आणि बाहेर जाताना, आत येताना, खोली बदलताना डोकी मोजायची, मोजून फळ्यावर लिहायची.

---

टपटप

फार उपयोगी. चौकटींचा तक्ता लगेच करायला घेतला आहे. धाकट्या खोलीतली अडीच वर्षांवरची मुलं थोरल्या खोलीत सरकवली आणि तिथे एक ताई वाढवली तर हिशेब बसेलसं दिसतंय. चिंचोका, ही सरकवणी मध्येच केली तर चालेल का?

दोन गोष्टी राहिल्या. प्रॅक्टिकलचे विद्यार्थी; आणि धाकट्या खोलीत साडेअकराच्या सुमाराला चावण्याचे प्रकार होतात, त्याचं काय करावं?

---

चिंचोका

चालेल, पण एकेक-दोन-दोन करून. आठवडाभर रोज मोकळ्या खेळाच्या वेळी मुख्य ताईबरोबर अर्धा तास तिकडे, मग जेवणापर्यंत, झोप सगळ्यात शेवटी. दोन मित्र असतील तर जोडीने न्या. मात्र ताई आणि जागा दोन्ही एकाच आठवड्यात बदलू नका; घरी नवीन बाळ आलं असेल किंवा शी-शूची सवय लावणं चालू असेल तर महिनाभर थांबा. आणि थोरल्या खोलीची १८ ची मर्यादा तिथेही आहेच, सरकवण्याआधी चौकटी बघा.

---

पाटीपेन्सिल

विद्यार्थ्यांबद्दल. विद्यापीठांमधली प्रयोगशाळा-शाळांची, म्हणजे अभ्यासासाठी विद्यापीठानेच चालवलेल्या शाळांची, परंपरा जुनी आहे, जॉन ड्युई यांनी शिकागो विद्यापीठात १८९६ मध्ये अशी शाळा सुरू केली. तेव्हापासूनचा पेच तोच: विद्यार्थ्यांना शिकायला मुलं हवीत, आणि मुलांना ओळखीची माणसं हवीत. दोन्ही होऊ शकतं, पण नियम मुलांच्या बाजूने हवेत.

एका वेळी एका खोलीत दोनच विद्यार्थी. तोच विद्यार्थी, तोच वार, तीच वेळ, पूर्ण सेमिस्टर. दर आठवड्याला नवे चेहरे पाठवायचे असतील तर विभागाला नम्रपणे नाही म्हणा. पहिल्या दोन भेटींत फक्त बसायचं. तिसऱ्या भेटीपासून ताईच्या शेजारी बसून छोटं काम: पुस्तक वाचणं, पाण्याच्या टेबलाशी बसणं. स्वतः आखलेला उपक्रम पाचव्या-सहाव्या भेटीला, तोही चार मुलांच्या वर नाही, आणि ताईने आदल्या आठवड्यात आराखडा पाहिलेला असावा. मुलाबरोबर एकट्याने राहणं, डायपर बदलणं, शौचाला नेणं, औषध देणं यातलं काहीही विद्यार्थ्याने करायचं नाही. आणि प्रमाणात त्यांना मोजायचं नाही. ताईंपैकी कुणी आलं नाही म्हणून 'आज एक विद्यार्थी आहेच ना' हा मोह टाळा.

निरीक्षणाला बसायची जागा ठरवून द्या: बैठी खुर्ची, भिंतीलगत, दार आणि मूल यांच्या मध्ये नाही, दोन खेळांच्या कोपऱ्यांमधल्या वाटेवर नाही. मूल येऊन 'काय करतेस?' विचारतं. 'तुम्ही कसे खेळता ते लिहितेय' एवढं खरं उत्तर द्यायचं आणि परत वहीत बघायचं.

नोंद कशी लिहायची हे शिकवणं केंद्राच्या ताईंना उत्तम जमतं, कारण त्या मुलांना ओळखतात. सुरुवातीला विद्यार्थी असं लिहितात: 'क चिडखोर आहे, त्याला वाटून घेता येत नाही.' यातून काही कळत नाही. तीच गोष्ट अशी लिहायची: '१०.२०. क लाल गाडी उताराच्या फळीवर सोडतो, तीन वेळा. ग येते, फळीचं टोक धरते. क तिच्या हाताकडे बघतो, "माझं" म्हणतो, गाडी छातीशी धरतो. ग दुसरी गाडी आणते. क फळी थोडी तिच्याकडे सरकवतो.' दुसऱ्या नोंदीत मूल दिसतं. क ला गाडी द्यायची नव्हती, पण फळी द्यायला हरकत नव्हती, हे पहिल्या नोंदीत कधीच आलं नसतं. दहा मिनिटांची अशी एक नोंद तासभराच्या शेऱ्यांपेक्षा मोलाची.

नवशिक्यांना मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये केलेली मुलांच्या खेळाची विभागणी द्या: रिकामं असणं, एकटं खेळणं, दुसऱ्याचं बघत राहणं, शेजारी-शेजारी खेळणं, मिसळून खेळणं, ठरवून एकत्र खेळणं. दर दोन मिनिटांनी एका मुलाकडे बघून खूण करायची. फक्त हे शिडीसारखं वाचू देऊ नका. चार वर्षांचं मूलही एकटं बसून मन लावून बांधत असतं आणि त्यात उणं काही नाही.

फोटो नाहीत, वहीत नावं नाहीत, फक्त अक्षरं. पालकांची लेखी परवानगी प्रवेशाच्या वेळीच. एकतर्फी काचेची खिडकी असेल तर पालकांना ती दाखवा, मागे कोण बसतं ते सांगा.

---

औषधपेटी

चावण्याबद्दल. दीड-दोन वर्षांच्या गटात हे होतंच. साधारण वर्ष ते दोन वर्षं हा त्याचा भर असतो आणि शब्द आले की कमी होतं. पण ठरावीक वेळेला होतंय म्हणजे कारण दिवसाच्या घडीत आहे. साडेअकरा म्हणजे भूक, थकवा आणि बहुधा जेवणाआधीची दाटी. दोन आठवडे एक तक्ता ठेवा: वेळ, जागा, कोण, कुणाला, आणि त्याच्या आधीच्या मिनिटात काय चाललं होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

तोपर्यंत तीन बदल करा. जेवण वीस मिनिटं अलीकडे घ्या. सव्वाअकरापासून एक ताई चावणाऱ्या मुलाच्या हाताच्या अंतरावर, दुसरं काही काम न घेता. आणि लाडक्या खेळण्याच्या तीन सारख्या प्रती आणा. या वयाला दहा तऱ्हेची खेळणी असण्यापेक्षा एकसारखी तीन असणं उपयोगाचं. दात येत असतील तर चावायला गार रिंग हाताशी ठेवा.

चावल्यावर आधी चावा बसलेल्या मुलाकडे जा. साबणपाण्याने धुवा, गार फडकं ठेवा. चावणाऱ्याला एकच वाक्य: 'चावायचं नाही, तिला दुखलं.' भाषण नाही, आणि उलट चावून दाखवणं तर नाहीच. कातडी फाटली असेल तर दोन्ही पालकांना लगेच कळवा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. कुणी चावलं त्याचं नाव दुसऱ्या पालकाला द्यायचं नाही. आवारात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून हे जास्त जपायला हवं.

डायपरची जागा हे आजार पसरण्याचं मोठं ठिकाण, म्हणून क्रम भिंतीवर लावा. सगळं सामान आधी काढून हाताशी, मगच मूल टेबलावर. कागद अंथरा, हातमोजे घाला. पुढून मागे पुसा, दर वेळी नवा पुसणा. घाण डायपर आणि हातमोजे झाकणाच्या, पायाने उघडणाऱ्या डब्यात. मग स्वच्छ हाताने नवा डायपर. मुलाचे हात धुवा, त्याला खाली पोचवा. नंतर टेबल साबणाने धुवा, मग जंतुनाशक मारा आणि ते बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. शेवटी स्वतःचे हात, २० सेकंद. मूल टेबलावर असेपर्यंत एक हात कायम मुलावर. सगळ्यात जास्त चुकतं ते दोन ठिकाणी: जंतुनाशक मारून लगेच पुसून टाकणं, आणि मुलाचे हात न धुणं. मळ न काढता मारलेलं जंतुनाशक काम करत नाही. ब्लीच वापरत असाल तर बाटलीवरचं प्रमाण बघून रोज ताजं करा, आम्ल किंवा अमोनिया असलेल्या कुठल्याही द्रावणात कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. डायपरचा आणि जेवणाचा नळ एकच असेल तर आधी ते बदला.

परीक्षेच्या आठवड्यात एक प्रकार हमखास होतो. ताप उतरायचं औषध पाजून मूल सोडलं जातं. औषधाचा असर चार-सहा तासांत ओसरतो आणि पालक पेपरला असताना ताप चढतो. म्हणून परीक्षेच्या दोन आठवडे आधी प्रत्येक पालकाकडून लिहून घ्या की मूल आजारी पडलं तर त्या दिवशी कोण सांभाळणार. नियम आधीच छापलेला असू द्या: ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर आणि मूल नेहमीसारखं नाही, दिवसात दोनदा उलटी, डायपरबाहेर जाणारे जुलाब, तर घरी. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तर परत. नाक वाहतंय एवढ्यावरून मात्र मूल परत पाठवू नका, नाहीतर केंद्र वर्षभर अर्धं रिकामं राहील.

---

रानजाई

खोलीबद्दल थोडं. ठोकळ्यांचा कोपरा दारापासून आणि वाटेपासून सगळ्यात लांब, भिंतींच्या कोनात. एककाचे लाकडी ठोकळे घ्या, म्हणजे मूळ ठोकळा साधारण १४ × ७ × ३.५ सेंटिमीटर आणि बाकीचे त्याच्या दुप्पट, चौपट, निम्मे. प्रमाण जुळत असल्यामुळे मूल दोन अर्धे म्हणजे एक पूर्ण हे हाताने शिकतं. फळीवर प्रत्येक आकाराची बाह्यरेषा चिकटवा, आवरणं हाच एक खेळ होतो.

तुमच्याकडे मुलं सत्र संपलं म्हणून मध्येच उठतात, त्यासाठी प्रत्येक मुलाच्या फोटोचं 'राखून ठेवा' कार्ड करा. कार्ड लावलेलं बांधकाम पुढच्या दिवसापर्यंत कुणी मोडायचं नाही. एका वेळी तीनच कार्डं लावता येतील असं ठरवा, नाहीतर जागा उरत नाही. दोन दिवसांनी येणाऱ्या मुलाच्या बांधकामाचा फोटो काढून त्याच्या खुंटीजवळ लावा. आल्यावर ते आधी तो फोटो बघतं आणि तिथून पुढे सुरू करतं.

तीन वर्षांखालच्या खोलीत ३.१७ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल अशी कुठलीही वस्तू नको. अशी चाचणीची नळी मिळते, ती खोलीतच ठेवा. विद्यार्थी उपक्रमाचं सामान आणतात ते आधी तिच्यातून तपासा. मणी, बटणं, बाटल्यांची छोटी टोपणं तिथेच कळतात.

---

उंबरठा

सेमिस्टरच्या शेवटाबद्दल एक राहिलं. विद्यार्थी-पालकांची मुलं आणि प्रॅक्टिकलचे विद्यार्थी एकाच आठवड्यात जातात, आणि राहणाऱ्या मुलांना काहीच सांगितलेलं नसतं. विद्यार्थ्यांना शेवटच्या भेटीच्या आदल्या भेटीतच मुलांना सांगायला लावा: 'अजून एकदा येणार, मग माझं कॉलेज संपलं.' जाणाऱ्या मुलांचे फोटो भिंतीवरून लगेच काढू नका, महिनाभर राहू द्या. मुलं त्यांच्याबद्दल विचारतील तेव्हा 'येईल परत' असं खोटं नको. ते कुठे गेलं ते सांगा. नवीन मुलांची तुकडी त्यानंतर किमान आठवड्याने आत घ्या. आणि प्रत्येक मुलाची मुख्य ताई पुढच्या सेमिस्टरलाही तीच राहील, एवढं अर्धवेळ ताईंच्या नेमणुकीचं पत्र देतानाच बघून घ्या.

---

टपटप

सर्वांचे आभार. जेवणाची वेळ उद्यापासूनच अलीकडे घेते. सत्रांचा तक्ता आणि चावण्याच्या नोंदींचा नमुना तयार झाला की इथेच टाकते, त्यात काय सुटलंय ते सांगा.